होळकर, शिंदे आणि अँड्रॉइड

इंदूरहून उज्जैनला निघालं की अर्ध्या वाटेवर सांवेर लागतं. महाकालाला निघालेल्या गाड्या इथे सहसा थांबत नाहीत. थांबल्याच तर उलट्या हनुमानाचं दर्शन, एक कट चहा, शेवेचं पाकीट आणि पुन्हा रस्ता. आमचे काका मात्र तहसिलीतल्या कारकुनीच्या निमित्तानं या गावी उतरले ते निवृत्तीनंतरही तिथेच राहिले, म्हणून आम्हा इंदूरकरांना सांवेरला मुद्दाम जावं लागतं. गेल्यावर एक पथ्य पाळायचं असतं. काकांसमोर मोबाईलचा विषय काढायचा नाही, कारण काका तो यशवंतराव होळकरांपासून सुरू करतात.

त्यात त्यांचं फारसं चुकतं असंही नाही. इंदूर होळकरांचं, उज्जैन शिंद्यांचं आणि दोहोंच्या मधल्या रस्त्यावर सांवेर. गाव होळकरांच्या मुलखातलं, पण शिंद्यांची हद्द इतकी जवळ की सकाळी सुटलेली म्हैस संध्याकाळी परराज्यात चरून घरी यावी. १८०१ च्या जुलैत यशवंतरावांनी उज्जैनला दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. ऑक्टोबरात शिंद्यांकडून सर्जेराव घाटगे इंदुरात शिरले आणि त्यांनी शहर धुऊन नेलं. एकदा फौज वर गेली, एकदा खाली आली, आणि दोन्ही वेळा मधे सांवेर होतंच. अशा गावाला एक शहाणपण आपसूक येतं. न्याय कोणाच्या बाजूला आहे हे पुण्याच्या दरबारानं ठरवावं. आपण दारात उभ्या असलेल्या घोड्याला कडबा कोणत्या भावानं द्यायचा तेवढं बघावं.

सध्याची दोन घराणी म्हणजे अ‍ॅपल आणि गूगल. एकाची गादी कूपरटिनोला, दुसऱ्याची माउंटन व्ह्यूला. ही दोन गावं इंदूर-उज्जैनपेक्षाही एकमेकांना जवळ आहेत, आणि त्यांच्या मधे जे गाव लागतं त्याचं नाव सनीव्हेल. काकांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, गेली कित्येक वर्षं तिथेच राहतो. सांवेरचा मुलगा सनीव्हेलला गेला, यात काकांना योगायोग दिसत नाही. मधल्या गावात राहायचं हे आपल्या रक्तातच आहे, असं ते म्हणतात. दादा एका घराण्याच्या चाकरीत आहे, वहिनी दुसऱ्याच्या. कोण कुठल्या, ते घरातल्या शांततेसाठी इथे सांगत नाही.

या धंद्याचं मर्म समजायला मराठी माणसाला एमबीए करावं लागत नाही. मुलूख आमचा, रस्ता आमचा, त्यावरून माल नेणाऱ्यानं हिस्सा ठेवून पुढे जायचं. आपले सरदार चौथाई घेत, म्हणजे शेकडा २५, आणि वर सरदेशमुखी शेकडा १०. बेरीज ३५. अ‍ॅपलनं २००८ साली अ‍ॅप स्टोअर उघडलं तेव्हा आपला हिस्सा ३० टक्के ठरवला, आणि गूगलच्या दुकानातही तोच भाव लागला. म्हणजे नुसत्या चौथाईपेक्षा महाग, सरदेशमुखी धरली तर स्वस्त. जगभर ओरड झाल्यावर २०२१ पासून लहान व्यापाऱ्यांना, म्हणजे वर्षाकाठी १० लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यांना, १५ टक्क्यांवर सोडू लागले. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दुष्काळाची सूट. आमच्या तहसिलीतही देत असत. पंचनामा झाल्यावर."

दोन घराण्यांची रीत मात्र वेगळी. अ‍ॅपलचा किल्ला स्वतःचा, दारूगोळा स्वतःचा, शिबंदीही स्वतःची. आत यायचं तर मोजून पैसे टाका. गूगलनं २००५ साली अँड्रॉइड नावाची एक लहानशी कंपनी विकत घेतली आणि तिची प्रणाली मोबाईल बनवणाऱ्यांना चक्क फुकट वाटली. माळव्यात कोणी काही फुकट वाटू लागलं की माणूस आधी पिशवी पसरतो आणि मग निवडणूक कधी आहे ते विचारतो. इथेही मेख होतीच. घोडा फुकट, पण खोगीर आमचं, लगाम आमचा, नाल आमची आणि मोतद्दारही आमचाच ठेवायचा. गूगलचं दुकान हवं तर गूगलची शोधपट्टी, ब्राउझर, नकाशे सगळं आधीच आत घालून द्यायचं, तेही पहिल्या पानावर. भारताच्या स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये याच कारणासाठी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पूर्णांक सोडून ७६ लाखांपर्यंत गेलेला तो आकडा काकांना फार आवडला. कोणीतरी हिशेब नीट केलेला दिसतो, म्हणाले.

परवा काकांचा जुना मोबाईल पाण्याच्या टाकीत पडला आणि नवा घ्यायला मी त्यांच्याबरोबर सांवेरच्या बाजारात गेलो. दुकान म्हणजे एक गाळा. भिंतीवर छतापासून गुडघ्यापर्यंत कव्हरं टांगलेली, आणि काउंटरमागे विशीतला एक मुलगा कोणाच्या तरी मोबाईलवर काच चिकटवत होता. ते काम बघण्यासारखं असतं. आधी ओला रुमाल, मग कोरडा, मग धुळीचा एकेक कण चिकटपट्टीनं टिपून घ्यायचा. काच वरून अलगद सोडायची आणि बरोबर मधोमध अंगठा दाबायचा. दाबल्याबरोबर एक सावली चारी कडांकडे पळत सुटते. एक बुडबुडा कोपऱ्यात अडकला, तो त्यानं नखानं हाकलून दिला. एवढ्या एकाग्रतेनं मी दहावीचा भूमितीचा पेपरही सोडवलेला नाही.

आमचा नंबर येईपर्यंत मी गिऱ्हाइकांचे प्रश्न ऐकत बसलो. बॅटरी किती एमएएच? आवाज मोठा आहे ना, ट्रॅक्टरवर ऐकू येईल का? पडला तर फुटतो का? कव्हर याच गावात मिळेल का, की इंदूरला जेल रोडवर जावं लागेल? नातवाचे व्हिडिओ किती मावतील? हप्ता किती? एका बाईंनी रंग बदलून मागितला, कारण जावेकडे तोच होता. ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, हा प्रश्न एकाही माणसाच्या तोंडून आला नाही. ज्या प्रश्नावर कॅलिफोर्नियात कारकिर्दी होतात आणि मोडतात, तो सांवेरच्या दुकानात उभासुद्धा नव्हता.

शेवटी मीच विचारलं. मुलानं मान वर केली. कोणीतरी हलवायाला जिलबीत भोकं का, असं विचारावं तशी त्याची मुद्रा झाली.

"अरे भिया," तो म्हणाला, "वो तो सबमें डला हुआ आता है."

बाजारातल्या वाट्याचं रहस्य याहून थोडक्यात मी कुठे वाचलेलं नाही. भारतात शंभरातल्या नव्वदाहून जास्त मोबाईलांत अँड्रॉइड आहे, आणि त्यावरून पंडित मंडळी ग्राहकाच्या मनाचे आलेख काढतात. ग्राहकाच्या मनात जाऊ आहे, ट्रॅक्टर आहे, हप्ता आहे. अँड्रॉइड डला हुआ आहे. होळकरांच्या राज्यातल्या प्रजेनं तरी होळकर कुठे निवडले होते?

माळव्यानं मोबाईलच्या बाबतीत मनापासून निवड केली ती एकदाच, २००३ साली. त्या वर्षी मध्य प्रदेशची निवडणूक 'बिजली, सडक, पानी' यावर लढली गेली. वीज जायची केव्हा ते ठाऊक असायचं, यायची केव्हा ते वीज मंडळालाही ठाऊक नसायचं. दिग्विजयसिंहांचं सरकार त्या अंधारात पडलं. आणि त्याच वर्षी नोकियानं ११०० नावाचा मोबाईल आणला, ज्याच्या डोक्यावर बॅटरी होती. आपली हातातली बॅटरी, उजेडाची. मोटर सुरू करायला रात्री दोनला शेतात जाणाऱ्या माणसाला हे यंत्र कशासाठी बनवलंय ते समजावून सांगावं लागलं नाही. जगभर हे मॉडेल सुमारे २५ कोटी खपलं. त्यात कोणती प्रणाली होती, हे तेव्हा कोणी विचारलं नाही आणि आजही कोणी विचारत नाही; पण त्यात साप होता, तो सगळ्यांना आठवतो.

त्या नोकियाचं पुढे जे झालं ते हिशेबाच्या पुस्तकात धडा म्हणून घालावं असं आहे. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०१० मध्ये आपला विंडोज फोन तयार झाल्याच्या आनंदात रेडमंडच्या आवारात आयफोन आणि ब्लॅकबेरी यांची प्रेतयात्रा काढली. खरोखर काढली, शववाहिनीसकट. मग नोकियाशी सोयरीक केली, आणि २०१४ साली तिचा मोबाईलचा धंदाच सुमारे ७.२ अब्ज डॉलरला विकत घेतला. पुढच्याच वर्षी त्यापोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले. घेतलं त्याहून जास्त बुडवायची कला आमच्या मंडईतल्या आडत्यांनाही अजून साधलेली नाही. विंडोजच्या मोबाईलनं जानेवारी २०२० मध्ये शेवटचा श्वास घेतला. ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीची सेवा बंद झाली ती जानेवारी २०२२ मध्ये. खांदेकरी आधी गेला, तिरडीवरचा दोन वर्षांनी. आणि ज्याला दुसऱ्या तिरडीवर बांधलं होतं तो आयफोन अजून हप्त्यावर मिळतो.

या सगळ्या धामधुमीत एकदा मराठी झेंडाही फडकला होता, याची आपल्याकडे कोणी आठवण ठेवलेली नाही. पानिपतावर कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या येतात, पण इंडस ओएसवर कोणी साधं नाटुकलं लिहिलं नाही. मुंबई आयआयटीतून निघालेल्या राकेश देशमुख, आकाश डोंगरे आणि त्यांच्या एका जोडीदारानं ही प्रणाली केली. २०१५ मध्ये ती मायक्रोमॅक्सच्या युनाइट ३ या मोबाईलवर १० भारतीय भाषांसकट आली. एका भाषेत लिहिलेला मजकूर बोटाच्या एका फटक्यानं दुसऱ्या भाषेत. अ‍ॅप उतरवायला ईमेलचा पत्ता नको. ज्याच्याकडे ईमेल नाही अशा माणसाला ईमेल विचारू नये, हे जगातल्या थोर थोर कंपन्यांना न सुचलेलं त्यांना सुचलं. २०१५ च्या शेवटच्या तिमाहीत काउंटरपॉइंट या संस्थेच्या मोजणीत भारतातल्या स्मार्टफोनांत अँड्रॉइडच्या खाली दुसरा नंबर लागला तो इंडसचा, ५.६ टक्क्यांनी. अ‍ॅपल त्याच्याही खाली. देशमुख आणि डोंगरे यांनी कूपरटिनोला मागे टाकलं! एरवी एवढ्यावर आपण चौकाचौकात फलक लावले असते.

पण वाडा बांधला होता गूगलच्या जमिनीवर. इंडसचा पाया अँड्रॉइडचाच, आणि जमीनदार जागा असला की कुळाला फार उड्या मारता येत नाहीत. पुढे मायक्रोमॅक्सच चिनी कंपन्यांच्या लाटेत ओसरली, इंडसनं प्रणाली मागे ठेवून अ‍ॅपचं दुकान तेवढं जपलं, आणि २०२२ मध्ये ते दुकान फोनपेकडे गेलं. आता ते इंडस अ‍ॅपस्टोअर म्हणून चालतं. राज्य गेलं, जकात नाकं राहिलं.

अ‍ॅपलला भारतात दुसऱ्यांदा मागे टाकलं ते आमच्या काकूंनी. एकट्यांनी नव्हे, त्यांच्यासारख्या लाखोंनी. जुलै २०१७ मध्ये जिओफोन जाहीर झाला, १,५०० रुपये अनामत, तीही तीन वर्षांनी परत. त्यात कायओएस नावाची प्रणाली होती. तिचं मूळ फायरफॉक्स ओएसमध्ये, जी २०१४ साली १,९९९ रुपयांच्या मोबाईलावर बसून भारतात येऊन गेली होती आणि कोणाच्या लक्षातही आली नव्हती. २०१८ मध्ये कायओएस भारतात आयफोनच्या पुढे निघून गेली. काकू त्या मोबाईलचं मधलं बटण दाबून धरत आणि आतल्या आवाजाशी बोलत. आवाज बाईचा, म्हणून काकू तिला रीतीनं "बाई" म्हणायच्या. "बाई, एकादशी कधी आहे?" बाई सांगायच्या. "बाई, इंदूरला पाऊस आहे का?" बाई तेही सांगायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पहिल्या हाकेला उत्तर मिळण्याचा अनुभव आपल्याला प्रथमच आला, असं काकू काकांच्या देखत सांगत.

आता यातली गंमत पाहा. कायओएस ही गूगलची प्रतिस्पर्धी. आणि २०१८ मध्येच गूगलनं त्या कंपनीत २.२ कोटी डॉलर गुंतवले. मधलं बटण दाबल्यावर बोलणाऱ्या बाईही गूगलच्याच. तिकडे अ‍ॅपलशी गूगलचं उभं वैर, असं आपण रोज वाचतो. अमेरिकेतल्या खटल्यात कागद बाहेर आले तेव्हा कळलं की आयफोनमधल्या ब्राउझरात शोधयंत्र आपलंच असावं म्हणून गूगलनं अ‍ॅपलला एकट्या २०२२ मध्ये २० अब्ज डॉलर दिले होते. १९९७ मध्ये अ‍ॅपल बुडायला आली होती तेव्हा १५ कोटी डॉलर घेऊन धावून आलं कोण, तर मायक्रोसॉफ्ट. बोस्टनच्या सभेत पडद्यावर बिल गेट्स यांचं भलंमोठं तोंड दिसलं आणि अ‍ॅपलच्या भक्तांनी हुर्यो केली. भक्त आपले खरेच भांडत असतात. दिवाणखान्यात वकिलांची पानसुपारी चाललेली असते आणि अंगणात भालदार एकमेकांची डोकी फोडत असतात, हे काकांना नवं नाही. ते तहसिलीत होते.

मोबाईलात अँड्रॉइड, पण सांवेरच्या सरकारी कामात अजून विंडोजचंच राज्य. एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर या आणि बघा. खसऱ्याची नक्कल, समग्र आयडी, पेन्शनरांचं जीवन प्रमाण, सगळं एका टेबलावर होतं. दर नोव्हेंबरात काका जिवंत असल्याचा पुरावा द्यायला तिथे जातात आणि यंत्र त्यांचा अंगठा ओळखत नाही. एवढी वर्षं फायली उलटून रेषा झिजल्या, त्यामुळे सरकारच्या लेखी काका पहिल्या झटक्याला कधीच जिवंत नसतात. मग अंगठा धोतरावर पुसायचा, दुसऱ्या हाताचा लावून बघायचा, थोडा श्वास घेऊन पुन्हा दाबायचा. हे अंगठ्याचं यंत्र, त्याला लागणारा ड्रायव्हर, त्या ड्रायव्हरला लागणारा ब्राउझर, ही सगळी वरात विंडोजच्या मांडवात लागलेली असते. लिनक्स कितीही गुणाची आणि हुंडा न मागणारी असो, तिच्याकडे या यंत्राची पत्रिकाच जुळत नाही.

त्यात भर कृतिदेवची. हिंदी टायपिंगच्या परीक्षेला बसणारी पोरं रेमिंग्टनचा जुना टंकलेखन यंत्राचा पट्टा घोकतात, आणि अर्जनवीस वर्षानुवर्षं कृतिदेव फॉन्टात अर्ज टाइप करत आले आहेत. ज्या संगणकात तो फॉन्ट नाही त्यावर हा मजकूर उघडला तर 'भारत' या शब्दाच्या जागी एच, के, के, जे, आर अशी पाच इंग्रजी अक्षरं उमटतात. एकदा काकांच्या एका अर्जाचं असं झालं आणि पलीकडच्या साहेबानं शेरा मारला, 'भाषा अस्पष्ट'. माळव्यानं नुसतं हे सोसलं असंही समजू नका. इंदुरातूनच १९९९ मध्ये वेबदुनिया निघालं, हिंदीतलं पहिल्या फळीतलं पोर्टल, आणि मग त्याची मराठी आवृत्तीही आली. लिनक्सला हिंदी बोलायला शिकवण्यात पलीकडच्या रतलामचे रवि रतलामी यांचा मोठा वाटा. पण शेवेइतकी ती बातमी रतलामबाहेर पोचली नाही.

विंडोजच्या मालकांनी वतनदारी पहिल्या दिवशीच ओळखली होती. १९८१ साली गेट्स यांनी सिएटलच्या एका लहान कंपनीकडून एक घाईघाईत बनवलेली प्रणाली ५० हजार डॉलरला विकत घेतली आणि ती आयबीएमला वापरायला दिली. पण दुसऱ्यांनाही देण्याचा हक्क स्वतःजवळ ठेवला. सातबारा आपल्या नावावर, नांगर आयबीएमचा. त्या एका ओळीच्या कराराची फळं आमच्या कियोस्कच्या टेबलावर अजून पिकतायत. परवा मी तिथल्या पोराला सांगितलं, की १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट काढून घेतलाय, तुझ्या मशीनचं काय? त्यानं पावती फाडता फाडता विचारलं, "भिया, इसके पहले किसने सपोर्ट करा था?"

दोन्ही घराण्यांचं पूर्ण एकमत असलेली एकच गोष्ट मला सांवेरात सापडली, ती उलट्या हनुमानाच्या देवळात. इथे मारुतीचं शेंदरी मुख उलटं आहे. अहिरावणानं पळवून नेलेल्या राम-लक्ष्मणांना सोडवायला तो पाताळात शिरला तो याच जागेवरून, डोकं खाली करून, असं लोक सांगतात. एक तरुण भक्त देवाचा चेहरा घरी सरळ दिसावा म्हणून मोबाईल उलटा धरून फोटो काढत होता. काढला, उघडून बघितला, तर मारुती उलटाच. मोबाईलातल्या सेन्सरला जमीन कोणत्या बाजूला आहे ते बरोबर कळतं आणि तो चित्र गुपचूप फिरवून ठेवतो. त्यानं पुन्हा काढला, पुन्हा तेच. शेजारच्या एकानं आपला आयफोन पुढे केला. जास्त पैसे मोजलेला मोबाईल तरी ऐकेल, अशी सर्वांना आशा होती. त्यानंही मारुतीला उलटाच दाखवला. "पाताळ जिंकून आलाय तो," काका मागून म्हणाले, "तुमच्या सेन्सरला भीक घालतोय होय!"

पण अँड्रॉइड की आयफोन हा वाद सांवेरपुरता मिटलेलाच आहे, आणि तो तिसऱ्यानं मिटवला. अमेरिकेत म्हणे आयफोनवाल्याचा संदेश निळा दिसतो आणि दुसऱ्याचा हिरवा, आणि हिरव्या रंगाच्या पोरांना शाळेत कमी लेखतात. २०२४ साली अमेरिकी सरकारनं अ‍ॅपलवर खटला भरला त्यात हासुद्धा एक मुद्दा होता. सांवेरात सगळंच हिरवं, कारण इथे सगळंच व्हॉट्सअ‍ॅप. सोयाबीनचा आजचा भाव व्हॉट्सअ‍ॅपवर. कोणत्या फीडरची वीज जाणार ते व्हॉट्सअ‍ॅपवर. पोरांचा गृहपाठ, सरपंचाचा वाढदिवस, तेराव्याचं जेवण किती वाजता, सगळं तिथे. नव्या मोबाईलची तपासणी करताना काकांनी दुकानदाराला एकच प्रश्न केला होता, "इसमें वॉट्सॅप कौन-सा आता है?" आपण हसतो, पण प्रश्न बिनतोड आहे. त्यांच्या लेखी तीच प्रणाली. खाली अँड्रॉइड आहे की आणखी काही, हे घराच्या पायात कोणत्या नदीची वाळू आहे असं विचारण्यासारखं.

काकांच्या इतिहासात याचंही उत्तर तयार असतं. होळकर आणि शिंदे एकमेकांची शहरं लुटत राहिले. १८०२ मध्ये यशवंतरावांनी हडपसरला शिंदे आणि पेशवा दोघांनाही लोळवलं, पेशवा पळाला तो इंग्रजांच्या मांडीवर जाऊन बसला. २१ डिसेंबर १८१७ ला क्षिप्रेच्या काठी महिदपूरला होळकरांची फौज इंग्रजांनी मोडली, आणि पुढच्याच महिन्यात मंदसौरला तह झाला. राजवाडा राहिला, गादी राहिली, हत्तीवरून मिरवणूकही राहिली. कारभार मात्र रेसिडेंटला विचारून. त्याची कोठी इंदुरात अजून उभी आहे. "मोबाईल कुणाचाही असो," काका म्हणतात, "त्यात रेसिडेंट बसलेला असतोच." फेसबुकनं २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलर देऊन व्हॉट्सअ‍ॅप घेतलं तेव्हा लोक म्हणाले, एवढे कशाला? महिदपूरच्या लढाईचा खर्च बघूनही लंडनला कोणीतरी हेच म्हणालं असेल.

दिवाळीला सनीव्हेलची मंडळी सांवेरला येतात तेव्हा काकूंना खरी चिंता फराळाची नसून पडवीतल्या एकुलत्या चालू प्लगची असते. दादा आणि वहिनी वर्षानुवर्षं दोन वेगवेगळे चार्जर घेऊन येत. त्याचं टोक हिच्या मोबाईलात जात नसे, हिचं त्याच्यात. रात्री जेवणं झाली की प्लगवर कोणाचा हक्क यावरून दोन्ही घराण्यांत तह व्हायचा, पहाटे तो मोडायचा, आणि कोणीतरी मध्यरात्री उठून दुसऱ्याची वायर काढून आपली लावलेली असायची. जुन्या काळी इंदूरची आणि उज्जैनची नाणी बदलून द्यायला सराफ बट्टा घेत असे. इथे बट्टा म्हणजे कनेक्टरचा एक तुकडा, तो प्रत्येक वेळी प्रवासात हरवायचा आणि प्रत्येक वेळी नवा घ्यावा लागायचा.

मग एका दिवाळीला दोघं एकाच वायरीनिशी आले. आयफोन १५ पासून अ‍ॅपलनंही टाइप-सी पत्करलं होतं. काकांना वाटलं, दोन्ही दरबारांत शेवटी दिलजमाई झाली. दादानं खुलासा केला की तसं काही नाही, युरोपियन युनियननं २०२२ मध्ये कायदाच केला, की २०२४ च्या अखेरीपासून तिथे विकायच्या मोबाईलांना एकच चार्जर पाहिजे. अ‍ॅपलनं खळखळ केली, पण ब्रसेल्सच्या बाबूंनी फाईल काही सोडली नाही.

"कुणी नाही सोडली?" काकांनी पुन्हा विचारलं.

"बाबूंनी. सरकारी अधिकारी."

काकांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला आणि सनीव्हेलच्या दोन्ही इंजिनीयरांकडे आळीपाळीनं बघितलं. "एवढ्या तुमच्या कंपन्या, एवढे अब्ज डॉलर," ते म्हणाले, "आणि शेवटी काम केलं कुणी? कारकुनानं!"